सपाट तळव्यांसाठी इनसोल: आधी बूट, मग आतला टेकू

भांडुपहून दादरपर्यंत लोकलमध्ये उभं, मग दादरचा पूल, शाळेचे दोन जिने आणि त्यानंतर सहा तासिका फळ्यापुढे. कित्येक वर्षं माझा दिवस असाच चालू आहे. चाळिशी ओलांडली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. संध्याकाळी घरी येऊन लादीवर पाय टेकवला की टाचेपासून पोटरीपर्यंत ओढ बसायची. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही पाय पाहिले आणि म्हणाले, "तळवे सपाट आहेत, बुटात इनसोल घाला." कुठला घ्यायचा, कसा बसवायचा, पहिल्या दिवशी किती वेळ घालायचा, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. ते सगळं पुढच्या दीड वर्षात चुकतमाकत शिकले. नव्याने सुरुवात करणाऱ्याचं हे दीड वर्ष वाचावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींना टेकू लावलेले तुम्ही पाहिले असतील. इनसोलचं काम तेच. तळव्याच्या आतल्या कडेला, टाच आणि अंगठ्याच्या मधे जी कमान असते, ती हाडं, स्नायुबंध आणि घोट्याच्या आतून खाली येणारा एक मजबूत स्नायुरज्जू मिळून धरून ठेवतात. ही कमान खाली बसली की पाऊल आतल्या बाजूला कलतं, त्याबरोबर नडगी थोडी आत वळते, आणि ताण घोट्यावर, गुडघ्यावर, कधी कंबरेपर्यंत जातो. इनसोल त्या बसलेल्या कमानीला खालून टेकू देतो. मोठ्या माणसात तो कमान नव्याने घडवत नाही. काढला की पाय पुन्हा होता तसाच. आणि टेकू भुसभुशीत जमिनीवर उभा केला तर टेकूच खचतो. इथे जमीन म्हणजे बूट. दीड वर्षात मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच होती.

आधी पाय पाहा

आंघोळीनंतर ओला पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा, पूर्ण भार द्या आणि उचला. गौरी घरात घेताना आपण मूठ टेकवून जी पावलं उमटवतो, त्यांना मधे बारीक कंबर असते. कमान असलेल्या पायाचा ठसा साधारण तसा दिसतो: टाच, चवडा, आणि त्यांना जोडणारा बाहेरच्या कडेचा पट्टा. सपाट पायाचं पाऊल मात्र आतल्या कडेपर्यंत भरून उमटतं.

ठशावरून आकार कळतो, दुखण्याचं कारण कळत नाही. कित्येकांचे तळवे जन्मभर सपाट असतात आणि त्यांना काहीही होत नाही. पाय दुखत नसेल, चालताना लवकर थकत नसेल, तर केवळ ठसा भरून आला म्हणून इनसोल घेऊ नका.

आता भिंतीला हात टेकवून दोन्ही चवड्यांवर उभे राहा आणि मागून घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. टाचा उचलल्यावर तळव्यात कमान उमटली, टाचा किंचित आत वळल्या, तर तुमचा सपाट पाय लवचिक आहे. इनसोलचा उपयोग मुख्यतः अशाच पायाला होतो. चवड्यावर उभं राहूनही तळवा तसाच फळीसारखा राहिला तर पाय ताठर आहे. अशा पायाखाली उंच कमानीचा कडक इनसोल सरकवला की दुखणं वाढू शकतं.

मग स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एकाच पायावर उभे राहा आणि टाच उचला. दोन्ही पायांवर करून पाहा. एका पायावर टाच उचलताच येत नसेल, किंवा उचलताना घोट्याच्या आत कळ येत असेल, तर तो स्नायुरज्जू दुखावलेला असण्याची शक्यता असते. हे दुकानात जाऊन सुटणारं काम नाही.

दुकानाआधी डॉक्टर कुणी गाठायचा

एकच पाय गेल्या काही महिन्यांत सपाट झाला असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, पाय ताठर असेल, मुरगळल्यानंतर किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, संधिवात असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल आणि तळव्याला बधिरपणा किंवा मुंग्या असतील, तर रस्त्यावरचा किंवा ऑनलाइन मागवलेला कुठलाही कडक इनसोल घालू नका. बधिर तळव्याला इनसोलची कड टोचतेय हे कळत नाही, जखम होते आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अशा पायांना मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मापाने बनवलेली पादत्राणं लागतात आणि ती डॉक्टरांनीच सांगायची असतात.

मुंबईत यासाठी खूप पैसे हवेतच असं नाही. केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या रुग्णालयांत हाडांची ओपीडी आणि फिजिओथेरपी विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, एवढी तयारी ठेवा. हाजीअलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांचा विभाग आहे. पायाचं माप घेऊन आधारसाधन बनवणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोटिस्ट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण बूट विकणारा आणि ऑर्थोटिस्ट यांत फार फरक आहे.

जाताना रोजचे वापरलेले, झिजलेले बूट किंवा चपला पिशवीत घालून न्या. टाच कुठल्या कडेने घासलीय, चवड्याचा भाग कुठे दबलाय, हे पाहून तज्ज्ञाला तुमच्या चालीबद्दल बरंच समजतं. एक्स-रे सांगितला, तर तो उभं राहून काढायचा आहे का हे विचारा. झोपून काढलेल्या एक्स-रेत पायावर भार नसतो, त्यामुळे कमान किती बसते ते नीट कळत नाही.

आता बूट

माझा पहिला इनसोल मी ज्या बुटात घातला, तो मऊ कापडी बूट होता. हलका, लोकलमध्ये बरा, साडीखालीही वाईट दिसत नव्हता. आठवडाभरात बुटाची आतली भिंत बाहेर फुगली आणि इनसोलसकट पाय आत कलंडायला लागला. खालची जमीनच भुसभुशीत होती.

दुकानात बूट हातात घ्या आणि टाचेमागचा भाग अंगठा आणि तर्जनीने दाबा. तो घट्ट असायला हवा, पुठ्ठ्यासारखा पटकन दबता कामा नये. मग बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवा. बूट चवड्याजवळ वाकला पाहिजे, जिथे बोटं दुमडतात तिथे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा. शेवटी ओला टॉवेल पिळतो तसा पिळून पाहा. थोडा पिळला जाईल, पण पोतेऱ्यासारखा पिळला गेला तर तो आधार देणार नाही. लेस किंवा वेलक्रो असलेला बूट घ्या, कारण नुसत्या सरकवायच्या बुटात इनसोल घातला की टाच वर येऊन निसटते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुटातला मूळचा सोल सुटा निघतो का ते पाहा. बोट घालून टाचेकडून उचला. सुटा निघत असेल तर तो काढून त्याच्या जागी नवा बसवायचा. जुन्यावर नवा कधीही ठेवायचा नाही. पाय वर उचलला जातो, टाचेची पकड जाते आणि बोटं वरून घासतात.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. जाताना इनसोल सोबत न्या आणि तो आत घालूनच बूट घालून पाहा. शाळकरी मुलांच्या काळ्या बुटांनाही हेच नियम लागू.

इनसोल निवडताना

दुकानात इनसोल म्हणून जे काही टांगलेलं असतं, त्यातलं निम्मं नुसती गादी असते. सिलिकॉन जेलचा लिबलिबीत सोल टाचेखाली छान वाटतो, पण सपाट पायाला आधार देत नाही, भार पडला की चेपतो. आपल्याला हवा तो इनसोल हातात घेतला की तीन जागी वेगळा वाटतो. टाचेची वाटी खोल असते, आतल्या कडेला कमानीचा उंचवटा असतो, आणि त्या उंचवट्याखाली टणक ईव्हीए फोमचा किंवा प्लास्टिकचा कवचासारखा थर असतो. उंचवटा अंगठ्याने जोरात दाबा. किंचित दबून परत वर आला तर ठीक. सपाट झाला तर पैसे वाया. अगदी हललाच नाही, तर पहिल्यांदा वापरणाऱ्याला तो टोचेल.

कमान जितकी उंच तितकी चांगली, हे मला एका दुकानात सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला. सगळ्यात उंच कमानीचा जोड घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळी घातला आणि थेट संध्याकाळी काढला. परतताना दादरच्या पुलाचा जिना उतरत होते, तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की कठडा धरून उभं राहावं लागलं. मागची गर्दी बाजूने वाहत होती आणि मला पुढची पायरी उतरवेना. पाय आत कलतो म्हणून त्याला एकदम बाहेर ढकललं की हे असं होतं. वर्षानुवर्षं बसलेल्या पायाला कमी उंचीपासून सुरुवात हवी. तळव्यात पोकळी राहू नये इतपत आधार पुरे, वर ढकलण्याची गरज नाही.

तयार इनसोल काहीशे रुपयांपासून मिळतात. मापाने बनवलेल्याला काही हजार लागू शकतात. त्यासाठी तुमच्या पायाचा साचा प्लास्टरमध्ये किंवा मऊ फोमच्या खोक्यात घेतात, काही ठिकाणी स्कॅन करतात. माझं स्पष्ट मत असं की लवचिक पाय आणि साधं दुखणं असेल तर आधी चांगल्या बुटात चांगला तयार इनसोल वापरून पाहावा. दोन-अडीच महिन्यांत फरक पडला नाही, दोन पायांत मोठा फरक असला, किंवा डॉक्टरांनीच सांगितलं, तर मापाचा बनवावा. मॉलमध्ये काचेवर उभं करून रंगीत चित्र दाखवतात, ते चित्र म्हणजे निदान नव्हे. पायाला हात लावून, चालवून पाहिल्याशिवाय कुणी महागडा जोड सुचवत असेल तर घेऊ नका.

लांबीचाही प्रश्न असतो. पूर्ण लांबीचा इनसोल स्पोर्ट्स शूजमध्ये हलत नाही. बायकांच्या अरुंद, बंद बुटांत बोटांना जागा राहत नाही, तिथे टाचेपासून चवड्याच्या अलीकडेपर्यंत येणारा पाऊण लांबीचा घ्यावा.

बसवणं

बुटात घालण्याआधी इनसोल लादीवर ठेवून त्यावर उभे राहा. टाच वाटीच्या मधोमध बसली पाहिजे. कमानीचा उंचवटा तळव्याला सलग टेकला पाहिजे आणि त्याचा सगळ्यात उंच भाग चवड्यापेक्षा टाचेच्या बाजूला थोडा झुकता हवा. तळव्याखाली कुणी लिंबू ठेवल्यासारखं वाटत असेल, तर तो इनसोल एकतर चुकीच्या मापाचा आहे किंवा जास्त उंच आहे.

लांब असेल तर कापायचा तो फक्त बोटांकडून. बुटातून काढलेला जुना सोल त्यावर ठेवा, टाच टाचेला जुळवा, पेनाने रेघ मारा आणि आधी रेघेच्या बाहेरूनच कापा. घालून पाहा, मग लागेल तेवढं अजून कापा. टाचेकडे कात्री लावली की उंचवटा पुढे सरकतो आणि सगळंच बिघडतं. कात्रीवर भरवसा नसेल तर स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे द्या. त्यांची रापी हे काम एका फटक्यात आणि सरळ करते, फक्त "पुढूनच कापा" एवढं सांगा.

पहिले पंधरा दिवस

घाई करू नका. पहिल्या दिवशी घरातच तासभर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन तास, जवळच्या वाण्यापर्यंत जाऊन या. रोज साधारण अर्धा-एक तास वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर या. तोपर्यंत जुना सोल पिशवीत ठेवा आणि कामाच्या ठिकाणी वेळ झाली की बदला. मी स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत बदलायचे. लोकलच्या गर्दीत पहिल्यांदा नवा इनसोल घालून उभं राहू नका, कारण तिथे पाय दुखला तर बूट काढायलाही जागा नसते.

कमानीखाली आणि पोटरीत हलका थकवा येणं साहजिक आहे, रात्रीतून तो जातो. तीव्र कळ, बोटांत मुंग्या, फोड, किंवा आधी नसलेली गुडघा-कंबरदुखी आली तर त्या दिवशी काढा, दोन दिवस थांबा आणि निम्म्या वेळापासून पुन्हा सुरुवात करा. तरी तेच होत असेल तर इनसोल चुकीचा आहे. सवय होईल म्हणून रेटू नका.

घर, देऊळ आणि पावसाळा

बूट आपण दाराबाहेरच काढतो. घरात लादीवर अनवाणी, ओट्यापुढे दोन तास उभं, म्हणजे दिवसभराचा आधार स्वयंपाकघरात संपतो. म्हणून कमानीचा उंचवटा असलेली एक चप्पल फक्त घरात वापरायला ठेवा, बाहेर कधीही न नेलेली. सासूबाईंना आधी ते पटलं नाही. देवघरापाशी काढते आणि रोज धुते हे पाहिल्यावर आता त्यांच्यासाठीही एक जोड आणलाय. देवळात अनवाणी गेल्याने काही बिघडत नाही. लांबच्या रांगेत उभं राहायचं असेल तर शक्य तेवढा वेळ बूट पायात ठेवा.

जून ते सप्टेंबर हे मुंबईत इनसोलचे वाईट दिवस. बूट भिजतो, इनसोल पाणी धरतो, वास येतो आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मुसळधार पावसाच्या दिवशी मी बूट घालतच नाही. घडीव कमान असलेले, मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घालते आणि बूट शाळेच्या कपाटात ठेवते. रबरी सपाट स्लीपर मात्र नकोच, त्यात आधार नसतो आणि ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात. बूट भिजलाच तर घरी आल्याबरोबर इनसोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि इनसोल पंख्याखाली आडवा ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर फोम वाकडा होतो. धुवायचा असेल तर साध्या साबणाने, हाताने. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. जमल्यास पावसाळ्यापुरते दोन जोड ठेवा.

टेकूबरोबर थोडी डागडुजी

पोटरी आखडलेली असली की टाच नीट टेकत नाही आणि पाऊल ती कसर आत कलून भरून काढतं. त्यामुळे पोटरी ताणण्याचा व्यायाम इनसोलइतकाच महत्त्वाचा आहे. भिंतीला हात टेकवा, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. ३० सेकंद थांबा. दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा.

दुसरा व्यायाम दिसायला काहीच नाही, पण जमायला वेळ लागतो. पाऊल जमिनीवर सपाट ठेवून, बोटं न दुमडता, अंगठ्यामागचा चवडा टाचेकडे ओढायचा. तळवा मधे किंचित उचलला जातो. ५ ते १० सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. आधी बसून, मग उभ्याने. जमायला लागलं की बुटातही करता येतं. मी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहताना करते. ओट्याला धरून टाचा उचलणं हा तिसरा व्यायाम, दुखत नसेल तेवढाच.

लहान मुलांबद्दल थोडक्यात

शाळेत पालक मला हे हमखास विचारतात. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, त्यामुळे पाय सपाटच दिसतो, आणि कमान हळूहळू, अगदी आठ-दहा वर्षांपर्यंत उमटत राहते. मूल धावतंय, खेळतंय, तक्रार करत नाही आणि चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसते, तर इनसोलची गरज नाही. शिवाजी पार्कच्या मातीत आणि चौपाटीच्या वाळूत अनवाणी खेळू द्या. पाय ताठर असेल, दुखत असेल, मूल खेळ टाळत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी एवढं समजून घ्यावं की इनसोल वापरून तळव्याचा आकार बदलत नाही. भरतीत पाय तपासतात ते अनवाणी. शंका असेल तर भरतीच्या बऱ्याच आधी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

इनसोल बदलायचा कधी

बाहेरून नवा दिसणारा इनसोलही आतून बसलेला असतो. रोजच्या वापरात फोमचा जोड साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. वजन जास्त असेल किंवा दिवसभर उभं राहायचं काम असेल तर त्याहून कमी. महिन्यातून एकदा दोन्ही इनसोल बाहेर काढून लादीवर शेजारी ठेवा, डोळे त्यांच्या पातळीवर आणा आणि आतल्या कडांची उंची पाहा. अंगठ्याने दाबून पाहा, पहिल्या दिवशी लागला होता तेवढा जोर आता लागतो का. बुटाची टाचही त्याच वेळी तपासा, कारण आतल्या कडेने झिजलेल्या टाचेवर नवा इनसोलही कललेलाच बसणार. नवा जोड आणला की पहिल्याच दिवशी त्याच्या खालच्या बाजूला, टाचेपाशी, बॉलपेनने तारीख लिहून ठेवा.